पन्नास वर्षं उशिरा मारलेली हाक

हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा दोन गाणीही पुरी होऊ दिली नव्हती. पुण्यातलं हॉस्टेल, रात्रीचे दोन वाजलेले. रूममेटने त्याचा एक इअरफोन माझ्या कानात कोंबला आणि म्हणाला, "काही बोलू नकोस, फक्त ऐक." गिटार चांगली वाटली. मागून अकॉर्डियन आला, तोही आवडला. मग दुसरं गाणं सुरू झालं आणि त्या गायकाने आपलं येशू ख्रिस्तावर प्रेम असल्याचं जाहीर करत असा काही सूर ताणला, की मी इअरफोन काढून त्याच्या हातात दिला. "अरे, हा का बोंबलतोय?" मी विचारलं. रूममेट हसला नाही, चिडलाही नाही. त्याने तो इअरफोन स्वतःच्या दुसऱ्या कानात घातला आणि पाठ करून झोपला.

त्या प्रश्नाचं उत्तर मला पुढे दोन वर्षांनी मिळालं. हा लेख त्या उत्तराबद्दल आहे.

अल्बमचं नाव 'इन दि एरोप्लेन ओव्हर द सी'. बँडचं नाव 'न्यूट्रल मिल्क हॉटेल'. नावावरून काहीही अर्थ लावायला जाऊ नका, मीही सोडून दिलं आहे. फेब्रुवारी १९९८मध्ये अमेरिकेतल्या 'मर्ज रेकॉर्ड्स' या छोट्या स्वतंत्र कंपनीने तो काढला. अकरा गाणी, जेमतेम चाळीस मिनिटं. गाणी लिहिणारा आणि गाणारा जेफ मॅन्गम हा लुइझियानातल्या रस्टन नावाच्या लहान गावचा. शाळेपासूनचे त्याचे मित्र घरात कॅसेटवर गाणी रेकॉर्ड करून एकमेकांना ऐकवायचे. त्या टोळक्याने पुढे स्वतःला 'एलिफंट सिक्स' असं नाव घेतलं आणि त्यातून तीन-चार नावाजलेले बँड निघाले. त्यांच्यातलाच एक, रॉबर्ट श्नायडर, या अल्बमचा निर्माता. १९९७च्या उन्हाळ्यात डेन्व्हरमध्ये हे रेकॉर्डिंग झालं. बँडमध्ये ज्युलियन कॉस्टर हा चक्क सुताराची करवत वाजवतो. करवत गुडघ्यात धरायची, वाकवायची आणि तिच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढायचा. त्यातून येणारा आवाज बाईच्या रडण्यासारखा आहे की दूरवरच्या कुठल्या शिट्टीसारखा, हे अजून माझं ठरलेलं नाही. स्कॉट स्पिलेन ट्रम्पेट वगैरे फुंकवाद्यं वाजवतो, जेरेमी बार्न्स ड्रम्स. इतकं सगळं असूनही हा अल्बम ऐकल्यावर लक्षात राहतो तो फक्त आवाज. मॅन्गमचा आवाज.

तुमच्यापैकी काहींना हा अल्बम मीममुळे माहीत असेल. कव्हरवरची ती जुन्या पोस्टकार्डातली बाई, जिच्या चेहऱ्याच्या जागी डफासारखं काहीतरी आहे (लोक त्याला बटाटा म्हणतात), ती इंटरनेटवर इतकी फिरली, की अल्बम न ऐकता त्याच्यावर हसणारी एक पिढी तयार झाली. 'मला हा अल्बम आवडतो' असं म्हणणं म्हणजे एका विशिष्ट प्रकारचा चष्मेवाला, दुखावलेला मुलगा असणं, असा तो विनोद. विनोद वाईट नाही. त्यात थोडं तथ्यही आहे. पण या अल्बमची चेष्टा इतक्या जोरात का होते, याचं कारण मला त्या आवाजातच दिसतं. समोर कुणी इतक्या मोठ्याने, इतक्या उघडेपणाने काही बोलू लागलं की आपण दोनच गोष्टी करू शकतो. एकतर ऐकायचं, नाहीतर हसायचं. मी पहिल्यांदा हसलो होतो.

आता त्या आवाजाबद्दल. आपला मराठी कान लहानपणापासून ज्या आवाजांवर तयार होतो, त्यात 'चांगला गळा' म्हणजे काय हे ठरलेलं असतं. गळ्यात फिरत असली पाहिजे, सूर सुरेल लागला पाहिजे, शब्द नितळ यायला हवेत आणि श्वास कुठे घेतला हे कळता कामा नये. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांनी तर या यादीला गुणच देऊन टाकले. मॅन्गम या यादीत जवळपास प्रत्येक ठिकाणी नापास होतो. त्याच्या गळ्यात हरकती नाहीत, मुरकी नाही. लांबवलेल्या सुरावर पाश्चात्त्य गायक जो कंप देतात, तोही जवळजवळ नाही. सूर लावला की तो काठीसारखा सरळ, शेवटपर्यंत. आवाज नाकातून येतो. आपल्या पट्टीच्या वरच्या टोकाला जाऊन तो गातो आणि तिथून खाली यायला तयार नसतो. कधी सूर किंचित खाली लागतो, आणि तो तसाच, त्या किंचित खालच्या जागेवरच, पूर्ण ताकदीनिशी रेटत नेतो. एका श्वासात इतके शब्द भरतो की शेवटचे दोन शब्द निव्वळ हट्टावर बाहेर येतात.

यावर सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द म्हणजे 'रॉ'. कच्चा, अस्सल, प्रामाणिक. मला या शब्दाचा कंटाळा आहे. कच्चा आवाज म्हणजे सच्चा आवाज, असं समीकरण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इतकं घट्ट झालं, की मुद्दाम फाटलेला आवाज काढणारे गायक बाजारात पैशाला पासरी मिळू लागले. बेसूर असणं हा काही गुण नाही. आमच्या हॉस्टेलच्या बाथरूममध्येही बेसूर गायचे, त्यात कुणाचं काळीज हललं नाही. शिवाय या अल्बममधला खडबडीतपणा आपोआप आलेला नाही. आवाजाची आणि गिटारची लेव्हल मुद्दाम चढी ठेवली आहे, इतकी की साध्या अकूस्टिक गिटारच्या तारा फाटल्यासारख्या गुरगुरतात. हे श्नायडरचं काम आहे आणि ते विचारपूर्वक केलेलं आहे. तेव्हा 'प्रामाणिक' म्हणून गप्प बसता येणार नाही. आवाज असा का आहे, तो काय करतोय, हे विचारायला हवं.

एक साधा प्रयोग करून बघा. तुमचा मित्र मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आहे आणि त्याला बोलवायचंय. तुम्ही काय करता? आवाज वर नेता. शेवटचा स्वर लांबवता. त्यात काही नक्षी करत नाही, कारण नक्षी अंतरात विरून जाते. सरळ, नाकातून थोडा धारदार झालेला आवाज दूर जातो, हे कुणी न शिकवता आपल्याला माहीत असतं. शेताच्या बांधावरून मारलेली हाक आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली खेळणाऱ्या पोराला मारलेली हाक ऐका. दोन्हींत गळ्याचं काम सारखंच.

मॅन्गमचा आवाज हा गाण्याचा आवाज नाहीच. तो हाकेचा आवाज आहे. एकदा हे लक्षात आलं की त्याचे सगळे 'दोष' जागच्या जागी बसतात. कंप नाही, कारण हाकेत कंप नसतो. तो पट्टीच्या टोकाला गातो, कारण ज्याला हाक मारायची ते माणूस फार लांब आहे. आणि श्वास संपेपर्यंत थांबत नाही, कारण पलीकडून 'ओ' आलेली नाही.

प्रश्न असा, की पलीकडे आहे कोण?

मॅन्गमने त्या काळातल्या मुलाखतींमध्ये सांगितलं होतं, की पहिला अल्बम निघण्याच्या सुमारास त्याने अ‍ॅन फ्रँकची डायरी वाचली आणि ती वाचून तो कित्येक दिवस रडत होता. कालयंत्रात बसून मागे जावं आणि तिला वाचवावं, अशी स्वप्नं त्याला पडायची. एरोप्लेनमधली बरीच गाणी या वाचनातून आली आहेत. तिचं पूर्ण नाव अल्बममध्ये कुठेही नाही. एका गाण्यात 'अ‍ॅना' अशी हाक येते, 'घोस्ट' या गाण्यात १९२९ हे तिच्या जन्माचं साल येतं, आणि एका गाण्याचं नावच 'हॉलंड, १९४५' आहे.

अ‍ॅनची गोष्ट तुम्हाला माहीत असणार. आपल्याकडे मराठीतही ती डायरी वाचली जाते. तेराव्या वाढदिवसाला, १२ जून १९४२ रोजी, तिला वही मिळाली. त्यानंतर महिन्याभरात तिचं कुटुंब ॲम्स्टरडॅममधल्या एका इमारतीच्या मागच्या भागात लपलं. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९४४मध्ये, ते पकडले गेले. १९४५च्या सुरुवातीला बर्गन-बेल्झनच्या छळछावणीत आधी तिची बहीण मार्गो आणि मागोमाग अ‍ॅन गेली. ती पंधरा वर्षांची होती. १५ एप्रिलला ब्रिटिश सैन्य त्या छावणीत पोचलं. म्हणजे मध्ये काही आठवडे होते, फक्त काही आठवडे.

या गोष्टीतला एक बारीक तपशील मला या अल्बमच्या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅन ती डायरी 'किटी'ला लिहायची. किटी नावाची तिची कल्पनेतली मैत्रीण. प्रत्येक नोंद म्हणजे किटीला पत्र. आपण शाळेत हे वाचतो तेव्हा ती एक गोड क्लृप्ती वाटते. पण जरा थांबून बघा. बंद दारामागे असलेली एक मुलगी दोन वर्षं अशा कुणाला तरी पत्रं लिहितेय जी अस्तित्वातच नाही. दिवसा नळ सोडता येत नाही, पाऊल जोरात टाकता येत नाही, आवाज काढता येत नाही. हाक मारण्याची सोयच नसलेल्या घरात ती कागदावर हाका मारतेय.

आणि पन्नास-बावन्न वर्षांनी, दुसऱ्या खंडात, पंचविशीतला एक मुलगा किटीच्या जागी जाऊन बसतो आणि 'ओ' देतो. अर्थातच उशीर झालेला आहे. त्यालाही ते ठाऊक आहे, आणि म्हणूनच तो इतका ओरडतोय.

इथे मला आत्याबद्दल सांगायला हवं. मला हा अल्बम 'कळला' तो तिच्यामुळे.

माझी आजी गेली तेव्हा आम्ही सगळे गावी, सातारा जिल्ह्यात, गेलो. आम्ही म्हणजे शहरात राहणारी, हळू आवाजात बोलणारी माणसं. बाबा खांबाला टेकून गप्प बसले होते. आई डोळ्यांना पदर लावत होती. तेवढ्यात आत्या आली. एसटीतून उतरल्यापासून, म्हणजे वेशीपासूनच, तिने गळा काढला होता. दारात आली तेव्हा तो आवाज घरात मावत नव्हता. आणि ती नुसती रडत नव्हती, आजीशी बोलत होती. "आता मला ये म्हनायला कोन हाय गं आये?" हे एकच वाक्य ती पुनःपुन्हा, एका ठरावीक सुरावर, शेवटचा शब्द लांबवत म्हणत होती. मला लाज वाटली. आतून कुणीतरी म्हणालंही, "पुरे झालं आता, लोक बघतायत." लोक बघत नव्हते. गावातल्या बायका तिच्या भोवती बसल्या होत्या आणि तिच्याबरोबर रडत होत्या. बघत फक्त आम्ही होतो.

त्या दिवशी मला रडू आलं नाही, पुढच्या वर्षभरातही नाही. मग एकदा पुण्याहून गावी जाताना, खंबाटकी घाटात बस तुंबलेली, फोनवर शफल चालू, आणि हॉस्टेलमधल्या त्या रूममेटने कधीतरी माझ्या फोनमध्ये टाकून ठेवलेलं एक गाणं लागलं. 'ओ कमली'. आठ मिनिटांचं. त्यातला काठीसारखा सरळ आवाज पाचव्या-सहाव्या मिनिटाला वर चढत गेला आणि मला आत्याचं ते वाक्य, त्याच सुरासकट, ऐकू आलं. शेजारच्या सीटवरच्या काकांनी न बोलता खिडकी उघडून दिली.

मॅन्गम म्हणजे सातारी शोकगीत, असं मला म्हणायचं नाही. तो अमेरिकन लोकगीतांतून, चर्चमधल्या गाण्यांतून आणि पंकमधून आलेला आहे, आणि त्याची घराणी तिथेच शोधली पाहिजेत. मला एवढंच दिसलं, की मेलेल्या माणसाशी 'तू' म्हणून मोठ्याने बोलण्याची सोय ज्यांच्याकडे राहिलेली नाही, अशा आमच्यासारख्या घरांतल्या पोरांना हा अल्बम इतका का लागतो. इंटरनेटवर दुःख व्यक्त करण्याचे आपले सगळे मार्ग मान खाली घालून टाइप करण्याचे आहेत. मान वर करून ओरडण्याचा मार्ग कुठे आहे?

'ओ कमली'बद्दल थोडं थांबून लिहितो, कारण अल्बमचा गाभा तिथे आहे. हे गाणं म्हणजे जवळपास सगळं एक माणूस आणि एक गिटार. फुंकवाद्यं येतात ती शेवटाकडे. असं सांगतात की मॅन्गम माइकची लेव्हल तपासायला म्हणून गायला बसला आणि सबंध गाणं एका बैठकीत गाऊन मोकळा झाला. तेच रेकॉर्डिंग अल्बमवर आहे. गाणं संपताना नीट कान दिला तर मागून, लांबून, कुणाचा तरी थक्क होऊन निघालेला उद्गार ऐकू येतो. दुसऱ्या कुठल्याही निर्मात्याने तो पुसला असता. तो राहिला हे बरं झालं. अख्ख्या अल्बममध्ये मॅन्गमच्या हाकेला एका जिवंत माणसाने दिलेली 'ओ' तेवढी एकच.

गाण्याचे शब्द सुरुवातीला अवघड आहेत, काही ठिकाणी किळसवाणे. शरीरं, वीर्य, वडिलांचं घाणेरडेपण, वाढत्या मुलीला सहन करावं लागणारं बरंच काही. मग वाट वळते आणि आपण त्या छावणीत येतो. बहीण, आई, शेकडो कुटुंबं, सगळी एकत्र पुरलेली. आणि मग तो सरळ सांगतो, की एखाद्या कालयंत्रात बसून मला तिला वाचवता आलं असतं तर. त्यात ना रूपक आहे ना चातुर्य. दहा वर्षांच्या मुलाने म्हणावं तसं वाक्य. कागदावर वाचलं तर ओशाळायला होतं. त्या आवाजात ऐकलं तर होत नाही, कारण तोपर्यंत आवाजाने कबूल केलेलं असतं, की असं यंत्र नाही.

याच्या उलट 'हॉलंड, १९४५'. अल्बममधलं सगळ्यात वेगवान, फार लोकप्रिय गाणं. ड्रम्स आदळतायत, ट्रम्पेट उधळलंय, गिटार गुरगुरतेय. या गाण्यात ती मुलगी बहिणीशेजारी पुरली जाते आणि मग पुन्हा जन्म घेते, स्पेनमधला एक लहान मुलगा होऊन, पियानो वाजवत. मला हे गाणं नाचायला फार आवडतं आणि विचार करायला बसलो की खटकतं. आपल्याकडे पुनर्जन्म ही घरातली गोष्ट आहे. मेलेल्या माणसाचं काहीतरी नव्या बाळात शोधणं आपण रोज करतो. पण ज्या मुलीला माणसांनी ठरवून, याद्या करून, रेल्वेचे डबे भरून मारलं, तिला पुढचा जन्म बहाल करणं म्हणजे मारणाऱ्यांचं ओझं हलकं करणं नाही का? ती परत आलीच आहे, तर मग गेलं काय? शीर्षकातही एक घोळ आहे. १९४५ साली अ‍ॅन हॉलंडमध्ये नव्हतीच, सप्टेंबर १९४४मध्येच तिला तिथून बाहेर नेलं होतं. कवीला साल-गाव जुळवण्याची सक्ती नाही, मान्य. पण ही चूक मला सूचक वाटते. त्या गाण्यात तो तिला छावणीतून उचलून पुन्हा हॉलंडमध्ये आणून ठेवतो.

आणखी एक मोठा प्रश्न आहे आणि तो टाळून या अल्बमवर प्रेम करता येणार नाही. एका खऱ्या, मारल्या गेलेल्या ज्यू मुलीला एका अमेरिकन तरुणाने स्वतःची प्रेयसी करावी का? तिची संमती कुठून येणार? तिच्या मरणातून याच्या भावनेला उंची मिळते, असं कुणी म्हटलं तर त्याला उडवून लावणं सोपं नाही. त्यात पुन्हा इथल्या गाण्यांत बालपण, देह आणि प्रेम यांची सरमिसळ आहे. पहिल्याच गाण्यात आईवडिलांच्या भांडणांच्या आडोशाला दोन लहान जीव एकमेकांची शरीरं ओळखून घेतात. मी या अल्बमचा भक्त असतो तर म्हटलं असतं, की हे सगळं 'निरागस' आहे. मला ते तसं वाटत नाही. ते अस्वस्थ करणारं आहे आणि काही ओळींवर माझं बोट आजही फॉरवर्डकडे जातं.

तरीही मी त्याच्या बाजूने उभा राहतो, ते आवाजासाठी. हाच अल्बम एखाद्या तयार गळ्याच्या, मुलायम आवाजाच्या गायकाने गायला असता तर तो असह्य झाला असता. मुलायम आवाज म्हणजे जवळ असण्याचा आवाज. कानाशी, उशीवर. मेलेल्या मुलीच्या कानाशी कुजबुजणारा पुरुष म्हणजे भुताटकी. मॅन्गम कुजबुजत नाही. तो शक्य तितक्या लांबून ओरडतो. त्याच्या आवाजाने ते अंतर कधीच खोटं केलं नाही. शब्द कितीही लगट करोत, आवाज प्रत्येक वेळी सांगत राहतो की मी इथे आहे, ती तिथे आहे, मध्ये पन्नास वर्षं आहेत आणि माझा दम पुरत नाहीये. 'हॉलंड'मध्येसुद्धा, शब्द दिलासा देत असताना, आवाजाचा मात्र त्यावर विश्वास बसलेला नाही. बँड इतका धावतोय तो बहुधा म्हणूनच.

मधल्या गाण्यांबद्दल थोडक्यात. शीर्षकगीताचे कॉर्ड म्हणजे जी, ई मायनर, सी, डी. गिटार शिकायला लागून महिना झालेल्या कुणालाही जमतील, आणि जगभरच्या हॉस्टेलांत ते वाजत असतातच. तिथे करवत प्रथम नीट ऐकू येते. 'टू-हेडेड बॉय'मध्ये काचेच्या बरणीत ठेवलेला दोन डोक्यांचा मुलगा आहे आणि तो अंधारात फक्त दोघांपुरता रेडिओ बनवतोय. हाक पोचवायची तर यंत्र लागणारच. ते गाणं थेट 'द फूल'मध्ये शिरतं, जे स्पिलेनने लिहिलेलं आणि शब्दांशिवायचं आहे, गावातल्या बँडने अंत्ययात्रेत वाजवावं तसं. 'कम्युनिस्ट डॉटर' दोन मिनिटांचं आहे, ते मला कधीच फारसं लागलं नाही. आणि ज्या येशूच्या ओळीवर मी इअरफोन काढून दिला होता, तिच्याबद्दल अल्बमसोबतच्या मजकुरात मॅन्गमने स्वतः खुलासा केलेला आहे. जे गातोय ते मनापासून गातोय, पण हा अल्बम कुठल्या धर्मावर उभा नाही, सगळ्या गोष्टींत एक न संपणारा प्रकाश असतो एवढाच विश्वास त्यामागे आहे, अशा अर्थाचा. खुलाशाची गरज पडावी इतका तो सूर लांब आहे, हे मात्र खरं.

अल्बम निघाला तेव्हा फार गाजावाजा झाला नाही. 'पिचफोर्क'ने तेव्हा दहापैकी ८.७ गुण दिले आणि २००५मध्ये तो पुन्हा निघाला तेव्हा पूर्ण दहा. मधल्या सात वर्षांत घडलं असं, की मॅन्गम गप्प झाला. १९९८च्या दौऱ्यांनंतर त्याने बँड थांबवला. नवा अल्बम त्यानंतर आजवर आलेला नाही. या गप्प होण्याभोवती चाहत्यांनी दंतकथांचं जाळं विणलं. त्याला वेड लागलं, तो संन्यासी झाला, गाण्याने त्याला जाळलं. दुःखी कलावंत उद्ध्वस्त झालेला बघायला आपल्याला आवडतं, हे काही आपलं कौतुकास्पद वैशिष्ट्य नाही. मला त्या काळातली एक साधी, नोंदवलेली गोष्ट जास्त बोलकी वाटते. २००० साली तो बल्गेरियात कोप्रिव्श्तित्सा या गावी गेला. तिथे पाच वर्षांतून एकदा डोंगरात लोकसंगीताचा मोठा मेळा भरतो. तिथल्या आवाजांचं त्याने रेकॉर्डिंग केलं आणि २००१मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या अल्बममध्ये तो स्वतः गात नाही. बल्गेरियन बायकांचं गाणं ऐकलं असेल तर तुम्हाला लगेच उमगेल. खुला गळा, सरळ सूर, कंप नाही, एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाईल असा आवाज. स्वतः हाक मारून थकलेला माणूस, जिथे अजून हाका मारल्या जातात तिथे जाऊन ऐकत बसला.

तो परतलाही. २०११मध्ये न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये 'ऑक्युपाय'च्या आंदोलकांसमोर गिटार घेऊन गायला. २०१३ ते २०१५ बँड पुन्हा एकत्र येऊन फिरला. त्या कार्यक्रमांत फोटो आणि व्हिडिओ काढू नका अशी विनंती असायची, म्हणून नीट चित्रीकरण फारसं सापडत नाही. जे चोरून काढलेले तुकडे यूट्यूबवर आहेत त्यांत पडद्यावर बहुतेक अंधार दिसतो, आणि गायकाचा आवाज नीट ऐकूच येत नाही. हजारएक माणसं त्याच्यावर आवाज चढवून गातायत. सगळी बेसूर. सगळी त्या वरच्या टोकाला.

अल्बमचं शेवटचं गाणं 'टू-हेडेड बॉय, भाग दोन'. सुरुवातीला करवत. मग आवाज, या वेळी जरा खाली उतरलेला, दमलेला. अर्ध्यावर पहिल्या भागातली चाल परत येते आणि बरणीतल्या त्या मुलाला तो समजावू लागतो. ती उठून निघून जाईल, तेव्हा तिच्यावर रागावू नकोस, अशा अर्थाचं काहीतरी. चाळीस मिनिटं जिला बोलावलं तिला आता जाऊ द्यायचं आहे, आणि इथे, फक्त इथे, तो सूर लांबवत नाही.

मग गिटार खाली ठेवल्याचा खुट्ट आवाज येतो. खुर्ची सरकते. पावलं दूर जातात. तिथे अल्बम संपतो.

हे ऐकायचं असेल तर अ‍ॅपमधलं ऑटोप्ले आधी बंद करा. नाहीतर ती पावलं दारापर्यंत पोचायच्या आत दुसरं कुणीतरी गायला लागतं.